क्रम्बलची कृती ग्रॅममध्ये छापा, आणि नागपूरचे फळ पाहून छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

थंडीची चाहूल लागली की वृत्तपत्रांच्या पुरवण्यांमध्ये केक-कुकीजच्या पाककृती येऊ लागतात आणि त्यांत फळांचा क्रम्बल हमखास असतो. असायलाच हवा. खाली शिजलेले आंबटगोड फळ आणि वर मैदा, लोणी, साखरेचा खुसखुशीत चुरा, एवढाच हा पदार्थ. त्याला अंडे लागत नाही, यीस्ट लागत नाही, लाटणे नाही की साचा नाही. रात्रीच्या जेवणानंतर घरातल्या लहानग्यांपासून आजी-आजोबांपर्यंत सगळ्यांना वाटीत गरमागरम वाढता येतो. पण छापून येणारी कृती बहुतेक वेळा अशी असते: ‘दोन कप मैदा, एक कप बटर, आवडीची फळे, सोनेरी रंग येईपर्यंत बेक करा.’ एवढ्या भांडवलावर नागपूरच्या स्वयंपाकघरात क्रम्बल होत नाही. वरचा थर तेलकट आणि दडस होतो, खाली फळाचे पाणी साचते, आणि पहिल्याच खेपेला हिरमोड झाला की ओटीजी, म्हणजे घरगुती विजेची भट्टी, पुन्हा माळ्यावर जातो.

म्हणून विनंती अशी, की क्रम्बलची कृती ग्रॅममध्ये छापावी आणि ज्या महिन्यात छापायची त्या महिन्यात आपल्या बाजारात असलेल्या फळासाठी छापावी. या दोन्ही गोष्टींना ठोस कारणे आहेत.

आधी मापाचे. एकाच कपात मैदा सैल भरला तर साधारण १२० ग्रॅम बसतो, दाबून भरला तर १५० ग्रॅमच्या घरात जातो. आमटीची वाटी तर घरोघरी वेगळी. शिऱ्यात किंवा उपम्यात हा फरक खपतो, कारण पाणी कमीजास्त करून सावरता येते. क्रम्बलच्या चुऱ्यात वेगळे पाणी घालतच नाहीत, त्यामुळे पीठ आणि स्निग्धांश यांच्या प्रमाणावरच सगळे ठरते. मूळ ब्रिटिश प्रमाण सोपे आहे: वजनाने दोन भाग मैदा, एक भाग बटर, एक भाग साखर. आपल्याकडे त्यात थोडा बारीक रवा घातला तर कुरकुरीतपणा जास्त वेळ टिकतो. चार-पाच जणांसाठी, २० सेंटीमीटर चौकोनी आणि ५ सेंटीमीटर खोल भांड्यासाठी मैदा १५० ग्रॅम, बारीक रवा ३० ग्रॅम, बटर ९० ग्रॅम आणि साखर ८० ग्रॅम घ्यावी. खाली साफ केलेले फळ, रस आणि साखर मिळून ८०० ग्रॅमच्या आसपास. बटर मिठाचे असेल तर वेगळे मीठ घालू नये. बेकिंग पावडर अजिबात नको. तिने चुरा फुगून एकमेकांना चिकटतो आणि वर बिस्किटाचे झाकण बसल्यासारखे होते.

बटरऐवजी तूप वापरायचे तर तेवढेच घेऊ नका. विकतच्या बटरमध्ये सुमारे ८० टक्के स्निग्धांश असतो, उरलेले मुख्यतः पाणी. तूप जवळजवळ निव्वळ स्निग्धांश. म्हणून ९० ग्रॅम बटरच्या जागी ७५ ग्रॅम तूप पुरते, आणि ते थिजलेले, रवाळ हवे. घरच्या लोण्यात ताकाचा अंश राहतो, त्यामुळे ते आधी थंड पाण्यात दोन-तीनदा धुऊन, फडक्यात दाबून कोरडे करावे.

आता सगळ्यात जास्त बिघडते ती पायरी. शंकरपाळे आणि करंजीचे मोहन आपल्या हातात बसलेले असते, आणि ते कडकडीत असते. क्रम्बललाही मोहनच चोळायचे, पण थंडगार. गरम किंवा पातळ झालेले बटर पिठात शोषले जाते आणि त्याची सलग लगदी होते. भट्टीत ती पसरते आणि वर एकच घट्ट, तेलकट पापुद्रा तयार होतो. थंड बटर मात्र पिठाच्या कणांना बाहेरून लपेटते, छोटे-मोठे दाणे वेगवेगळे राहतात आणि भाजताना प्रत्येक दाणा आपापला कुरकुरीत होतो. बटर साधारण ३२ ते ३५ अंशांना वितळते. मे महिन्यात आपल्या स्वयंपाकघराचे तापमान याच्या पुढे असते, म्हणजे ओट्यावर काढलेले बटर चोळायला घेईपर्यंत पातळ झालेले असते. परदेशी कृतीत ‘खोलीच्या तापमानाचे बटर’ असे लिहिलेले असेल तर ती खोली नागपूरची नव्हे, हे कृती छापणाऱ्याने ध्यानात घ्यायला हवे.

उन्हाळ्यात करायचे असेल तर बटरचे एक सेंटीमीटरचे तुकडे करून १५ मिनिटे फ्रीजरमध्ये ठेवावेत, मैदा-रवा स्टीलच्या परातीत घालून परात फ्रीजमध्ये ठेवावी. चोळायचे फक्त बोटांच्या टोकांनी. तळहात गरम असतो, त्याचा स्पर्शही नको. तीन-चार मिनिटांत मिश्रण ओलसर रव्यासारखे दिसू लागते. मुठीत घेऊन दाबले की मूठ वळली पाहिजे आणि बोटाने हलके टोचताच फुटली पाहिजे. वळतच नसेल तर स्निग्धांश कमी पडला किंवा नीट चोळला गेला नाही. वळून टोचल्यावरही तशीच राहत असेल तर बटर वितळले आहे, परात लगेच फ्रीजमध्ये जाऊ द्या. साखर नेहमी शेवटी. आधी घातली तर ती ओल ओढून घेते आणि चोळणे चिकट होते. त्यानंतर एक लहान चमचा थंड दूध शिंपडून काट्याने सैलसर हलवले की वाटाण्याएवढे दाणे जमतात. हे मोठे दाणे आणि खालचा बारीक भुगा दोन्ही हवेत: भुगा फळाचा रस थोडा टिपून घेतो, दाणे वर कोरडे राहतात. तयार चुरा झाकून अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवावा. मिक्सर वापरायचा तर एकेका सेकंदाचे पाच-सहा झटके, त्याहून जास्त नाही.

फळाची निवड हा माझ्या दृष्टीने खरा मुद्दा आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये लोणी-साखरेवर रेशन आले, ते १९४० पासून साखरेवर १९५३ पर्यंत आणि लोण्यावर १९५४ पर्यंत चालले. पूर्ण पारी लाटून करायच्या ‘पाय’ (pie) या पदार्थापेक्षा काटकसरीचा म्हणून क्रम्बल त्या दिवसांत घरोघर रुळला, असे मानतात. घरच्या बागेत, जवळच्या बाजारात जे फळ स्वस्त, ते घ्यायचे ही त्याची मूळ वृत्ती. आपल्याकडच्या कृतींमध्ये मात्र ब्लूबेरी आणि डबाबंद चेरी दिसतात. कळमन्याला आणि गोकुळपेठ बाजारात ढीग लागलेले असताना डबा कशाला उघडायचा?

नागपूरचा म्हटला की संत्र्याचाच क्रम्बल करावा असे कुणालाही वाटेल, आणि तिथेच फसगत होते. संत्र्याच्या सोललेल्या फोडी भांड्यात पसरून वर चुरा घातला तर दोन गोष्टी घडतात. एक, फोडी फुटून इतका रस सुटतो की चुरा खालून भिजतो. दुसरी गोष्ट जास्त वाईट: पदार्थ कडू होतो. संत्र्याच्या फोडींच्या पापुद्र्यात, आतल्या पांढऱ्या दोऱ्यांत आणि बियांत एक घटक असतो, जो मुळात कडू नसतो. फळ चिरडले, की तो आंबट रसात मिसळतो आणि हळूहळू लिमोनिन या कडू द्रव्यात बदलतो. उष्णतेने हा बदल झपाट्याने होतो. सकाळी मिक्सरमधून काढून ठेवलेला संत्र्याचा रस दुपारी कडवट लागतो, तो यामुळेच. २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या आपल्या संत्र्याचा यात काही दोष नाही, वापरण्याची रीत वेगळी हवी इतकेच.

रीत अशी: संत्र्याची साल चुऱ्यात, रस फळात, आणि फोडी वाढताना वर. सालीसाठी फळ कोमट पाण्यात चोळून धुवावे, पुसून कोरडे करावे आणि सोलण्याआधीच बारीक किसणीवर फक्त वरचा केशरी भाग किसावा. आपल्या संत्र्याची साल सैल असते, किसताना आत दबते. म्हणून फळ ताजे, घट्ट सालीचे निवडावे आणि हलक्या हाताने, फिरवत किसावे. पांढरा भाग दिसू लागला की थांबावे. दोन संत्र्यांचा कीस ८० ग्रॅम साखरेत घालून बोटांनी चोळला की सालीतले तेल साखरेत उतरते, साखर ओलसर आणि फिकट केशरी दिसते आणि वास खोलीभर होतो. रस हाताने हलके पिळून लगेच गाळावा, बिया भरडू देऊ नयेत. आंबिया बहाराची फळे साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये येतात, ती जरा आंबटसर, रसासाठी उत्तम. फेब्रुवारी-मार्चमधली मृग बहाराची गोड असतात, त्यांच्या रसात साखर थोडी कमी करून लिंबू वाढवावे.

या रसाला जोडीदार हवा तो पेरूचा. आंबिया बहाराची संत्री आणि हिवाळी पेरू एकाच वेळी बाजारात असतात, पेरू शिजल्यावर आकार धरून ठेवतो आणि त्यात पेक्टिन भरपूर असल्याने रस आपोआप दाटतो. सफरचंदाच्या क्रम्बलचे कौतुक सगळे करतात, मला पेरू-संत्र्याचा त्याहून सरस वाटतो. पेरू पिवळट-हिरवा, दाबल्यावर किंचित लवणारा घ्यावा. पूर्ण पिकलेला लापशी होतो, कच्चा तुरट राहतो. साफ करून ६०० ग्रॅम फोडी भरायला हव्यात. बिया मात्र काढाव्याच लागतात. त्या कितीही शिजवल्या तरी मऊ होत नाहीत आणि वयस्कांच्या दातांना त्रास देतात. पेरूचे चार भाग करून मधला बियांचा गर चमच्याने कोरून घ्यावा, तो थोड्या रसात पाच मिनिटे उकळून गाळणीवर घासावा आणि निघालेला लगदा पुन्हा फोडींत मिसळावा. हा लगदा टाकून देणे म्हणजे दाटपणाही टाकून देणे.

पेरूच्या दीड-दोन सेंटीमीटरच्या फोडी, १५० मिलिलिटर संत्र्याचा रस, ६० ग्रॅम साखर, दोन लहान चमचे लिंबाचा रस आणि चिमूटभर दालचिनी जाड बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात मंद आचेवर सहा-सात मिनिटे शिजवावे. सुरी सहज आत गेली पाहिजे, पण फोड मोडता कामा नये. एक सपाट मोठा चमचा, म्हणजे सुमारे ८ ग्रॅम कॉर्नफ्लोअर थोड्या थंड रसात कालवून त्यात ओतावे आणि सतत हलवत उकळी आणावी. गढूळ रंग जाऊन रस चकचकीत झाला, की आणखी फक्त अर्धा-एक मिनिट. उकळीच आली नाही तर पिठूळ चव राहते. आंबट रसात फार वेळ रटरटत ठेवले तर दाट झालेले पुन्हा पातळ होते. हे मिश्रण भांड्यात ओतून कोमट होऊ द्यावे. घाईघाईने गरम फळावर चुरा घातला तर त्यातले बटर भट्टीत जाण्याआधीच वितळते आणि मघाशी घेतलेली सगळी मेहनत वाया जाते.

उन्हाळ्यात कैरी. इंग्रज ज्या जागी रुबार्बचे आंबट देठ किंवा आंबट गूसबेरी वापरतात, तिथे आपली कैरी चपखल बसते. बाठ धरलेली पण आतून पांढरीच असलेली कैरी सोलून ५०० ग्रॅम फोडी घ्याव्यात, २०० ग्रॅम चिरलेला गूळ, वेलची आणि किंचित मीठ घालून चार-पाच मिनिटेच शिजवावे. गुळाला पाणी सुटते, त्यामुळे इथे कॉर्नफ्लोअर १० ग्रॅम. गूळ चुऱ्यात घालण्याचा मोह होतो, तो टाळावा. गूळ ओल धरतो आणि साखरेपेक्षा लवकर करपतो. मे महिन्याच्या दुपारी कुणी भट्टी लावणार नाही, हे खरेच. पहाटे करून ठेवावा किंवा पुढे सांगितलेली बिनभट्टीची रीत वापरावी.

इतर फळांचे थोडक्यात. बाजारातले लाल डिलिशियस सफरचंद शिजल्यावर पिठूळ होते आणि त्याला आंबटपणा बेताचा. लिंबू हवेच, आणि निम्मे सफरचंद हिरवे, आंबट घेतले तर उत्तम. चिकू नुसता गुळमट लागतो. आंबा पाडाचा, घट्ट घ्यावा आणि आधी शिजवू नये. केळे इतर फळात मिसळून शेवटी घालावे. सीताफळ मात्र कधीही नको, तापवले की त्याचा गर कडवट होतो. द्राक्षे आणि टरबूज यांचे फक्त पाणी होते.

भट्टीबद्दल कृतींमध्ये जवळजवळ काहीच नसते, म्हणून सविस्तर लिहिते. ओटीजी १८० अंशांवर, दोन्ही रॉड लावून १५ मिनिटे आधी तापवावा. लहान ओटीजीत वरचा रॉड भांड्याच्या फार जवळ येतो, त्यामुळे रॅक खालच्या खाचेत. चुरा फळावर सैल हाताने पसरावा, थर दीड सेंटीमीटरपेक्षा जाड नको आणि वरून दाबायचा नाही. दाबला की वाफेला वाट राहत नाही, चुरा खालून कच्चा आणि वरून कडक होतो. फळ आधी शिजवलेले असल्याने ३० ते ३५ मिनिटे पुरतात. घड्याळापेक्षा दोन खुणा बघाव्यात: वरचा रंग सगळीकडे बदामी झाला पाहिजे आणि कडेने रस दाट, संथ बुडबुड्यांनी उकळताना दिसला पाहिजे. वर रंग आला पण कडा शांत असतील तर वर फॉइल सैल झाकून आणखी दहा मिनिटे. उलट रस उकळतोय आणि वर पांढरेच आहे, तर शेवटची चार-पाच मिनिटे फक्त वरचा रॉड. बाहेर काढल्यावर किमान १५ मिनिटे हात लावू नये, या वेळात रस आळतो.

भांडे काचेचे, चिनी मातीचे किंवा स्टीलचे चालते. काचेचे भांडे फ्रीजमधून थेट तापल्या भट्टीत ठेवले तर तडकते. अॅल्युमिनियमच्या डब्यात आंबट फळ घालू नये, धातूची चव उतरते. मायक्रोवेव्हमध्ये करायचे तर कन्व्हेक्शन मोडच वापरावा. नुसत्या मायक्रोवेव्हमध्ये चुऱ्याला रंग येत नाही, तो वाफेने ओला होतो. एअर फ्रायरमध्ये १६० अंश आणि साधारण १८ ते २० मिनिटे, पण पंख्याच्या झोताने बारीक भुगा उडतो, म्हणून पहिली दहा मिनिटे फॉइल घट्ट झाकावे.

ज्यांच्याकडे भट्टी नाही त्यांना कुकरमध्ये मीठ घालून बेक करायला सांगतात. केकला ती युक्ती ठीक, क्रम्बलला नाही. झाकणावर वाफेचे पाणी जमून ते चुऱ्यावरच टपकते. त्यापेक्षा दोन्ही भाग वेगळे करावेत. फळ वर सांगितल्याप्रमाणे पातेल्यात शिजवावे, मात्र तीन-चार मिनिटे जास्त. चुरा साखरेशिवाय तयार करून जाड बुडाच्या कढईत अगदी मंद आचेवर १२ ते १५ मिनिटे, उलथन्याने हळूवार वरखाली करत भाजावा. आधी तो थोडा ओला होऊन बसतो, घाबरू नये. बेसन भाजताना येतो तसा खमंग वास आला आणि रंग बदामी झाला की उतरवावा. कढई कोमट झाल्यावरच साखर मिसळावी, नाहीतर ती वितळून गोळे होतात. वाढताना वाटीत गरम फळ आणि वर मूठभर चुरा. हा चुरा शेवटच्या घासापर्यंत कुरकुरीत राहतो, आणि मे महिन्यात स्वयंपाकघरही तापत नाही.

मैद्याचा तिसरा हिस्सा ज्वारीच्या पिठाने बदलता येतो. त्याला छान मातकट चव असते, पण याहून जास्त घातले तर चुरा वाळूसारखा सुटतो, कारण त्यात ग्लूटेन नसते. उपवासाला राजगिऱ्याचे पीठ १३० ग्रॅम, दाण्याचे जाडसर कूट ५० ग्रॅम आणि तूप ६० ग्रॅम. कुटातही तेल असल्याने तूप कमी लागते. त्या दिवशी फळात कॉर्नफ्लोअर घालू नये, पेरूचा लगदा पुरेसा दाटपणा देतो.

वाढायला सोबत थंड, पातळसर कस्टर्ड: अर्धा लिटर दूध, २० ग्रॅम कस्टर्ड पावडर, ४० ग्रॅम साखर. आंबट, उकळत्या फळावर गरम कस्टर्ड ओतले तर ते फाटल्यासारखे दिसू शकते. घट्ट साय असेल तर तीही छान, आणि पापुद्रे काढलेल्या संत्र्याच्या चार फोडी वर.

उरलेला क्रम्बल फ्रीजमध्ये दोन दिवस चांगला राहतो. तो १६० अंशांवर दहा-बारा मिनिटे ओटीजीत गरम करावा. ओटीजी नसेल तर वरचा चुरा चमच्याने काढून तव्यावर परतावा आणि फळ वेगळे गरम करावे. कच्चा चुरा दुप्पट प्रमाणात करून हवाबंद डब्यात फ्रीजरमध्ये ठेवला तर महिनाभर टिकतो. पाहुणे आले की तो न वितळवता, गोठलेलाच फळावर पसरायचा आणि वेळ पाच मिनिटे वाढवायची.

आपली,
घरगुती बेकिंगचे वर्ग घेणारी एक वाचक,
नागपूर